कचेरीसमोरचं कांबळं

मी एक जुनं कांबळं आहे. करड्या रंगाचं, जाडंभरडं, कडेला लाल पट्टी असलेलं. मित्रांनो, रूपाबद्दल मला कधी कुणी नावाजलं नाही, आणि मीही तशी अपेक्षा ठेवली नाही. गिरणीत उरल्यासुरल्या लोकरीतून मला विणलं. पाणीपुरवठा खात्यानं रात्रपाळीच्या कामगारांना कांबळी वाटली, तेव्हा मी एका फिटरच्या वाट्याला आलं.

फिटर भारी टापटिपीचा. पंपाचं ग्रीस हाताला असताना तो कधी जेवायला बसला नाही. आंघोळ केल्याशिवाय चार माणसांत जायचा नाही. बायको म्हणायची, "नळाचं पाणी काय तुमच्या बापाचं आहे?" त्यावर तो म्हणायचा, "बापाचं नसेना, खात्याचं तर आहे!" पाळी संपली की तो माझी घडी घालायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवून. माझी ती वर्षं बरी गेली.

मग पंपावरच्या कामगारांनी संप केला आणि फिटरच्या पाळीतल्या सोबत्यांना तुरुंगात टाकलं. त्यांना सोडा, एवढंच मागत तो सरकारी कचेरीसमोर उपोषणाला बसला. मी अर्धं त्याच्याखाली, अर्धं अंगावर. येणारे-जाणारे वळसा घालून जायचे. तो हलका होत चालला होता, ते सगळ्यांत आधी मला कळलं. एका सकाळी पोलिसांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. त्या ओढाताणीत एका पोलिसाचा चिखलाचा बूट माझ्यावर पडला आणि त्याचा ठसा राहिला. फिटर परत आला नाही. पुढे सोबती सुटले. तेव्हा तुला काय वाटलं, असं विचाराल, तर काही नाही. अजूनही काही वाटत नाही.

बायकोनं मला घरी नेऊन, पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून ठेवलं.

फिटरची धाकटी बहीण कलावंत आहे. ती चित्रं काढत नाही. माणसांच्या वापरातल्या वस्तू मांडते आणि सांगायचं ते त्यांतून सांगते. तिला एका मोठ्या कलादालनात जागा मिळाली. ती वहिनीकडे आली.

"वहिनी, दादाचं कांबळं दे मला. तो बुटाचा ठसा लोकांनी बघायलाच हवा. नाहीतर त्याच्याशी कसं वागले, ते कुणाला खरं वाटायचं नाही."

वहिनी म्हणाली, "सोमवारी येऊन ने."

रविवारी वहिनीनं मला सोड्याच्या पाण्यात भिजवलं, धोपटलं, खळबळून काढलं आणि उन्हात टाकलं. वाळल्यावर उसवलेली पट्टी शिवली.

सोमवारी धाकटीनं माझी घडी उलगडली आणि बघतच राहिली. "वहिनी, ठसा कुठंय?"

"गेला. जाता जात नव्हता, पण काढला."

"अगं, तोच तर दाखवायचा होता. आता मुसळ केरात!"

"चार लोकांत जायचंय ना? मग मळकं कसं पाठवू?" वहिनी हात पुसत म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांना आंघोळ नव्हती. मी गेले की तोंड फिरवायचे. जवळ येऊ नको, वास येतो, म्हणायचे. त्यांची ती लाज मला भिंतीवर टांगायची नाही."

दोघींनी चहा घेतला. रडलं कुणीच नाही. मग धाकटीनं मला तसंच उचललं.

आता मी पांढऱ्या भिंतीवर असतं. वर दिवा, पुढे दोरी, हवा बेताची थंड. खालच्या पाटीवर धाकटीनं लिहिलंय, 'भावाचं कांबळं. वहिनीनं धुतलेलं.' लोक डाग शोधतात, तो सापडत नाही, मग पाटी पुन्हा वाचतात. वर्तमानपत्रांतही कौतुक छापून आलं. वहिनी एकदा येऊन गेली. म्हणाली, "वाकडं टांगलंय." पहारेकरी म्हणाला, "बाई, दोरीच्या मागे व्हा." ती मागे झाली.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला कसर लागू नये म्हणून इथं पगारी माणूस नेमलेला आहे. मागणं एकच आहे. आज रांग लावून मला बघणाऱ्यांतले कितीतरी चेहरे मी कचेरीसमोर पाहिले होते, वळसा घालून जाताना. पुन्हा कधी रस्त्याकडेला असं कांबळं दिसलं, तर तिथेच थांबा. तेव्हा त्यात माणूस असतो.