तिसरी हाक

चष्म्याची भिंगे घासायला बसले की जावईबापूंची ब्रह्मानंदी टाळी लागे. मग दूध उतू जावो नाहीतर कुणी दार बडवो. फिरत्या चाकावरच्या काचेपलीकडे त्यांना जगच नसे. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितले, "हा आळस नव्हे. तुमच्या मेंदूची घडणच अशी आहे. लक्ष एकदा जडले की सुटत नाही. बाहेरून हाक मारणारे कुणीतरी हवे." म्हणून बायकोने त्यांच्या फोनवर एक ॲप बसवले. त्यात आपल्या माणसाच्या आवाजात तीन हाका भरून ठेवता येत, चढत्या कडकपणाने.

स्वतःच्या आवाजाशी ते वाद घालत. बायकोच्या आवाजाला संसाराच्या सवयीने "हो हो" म्हणत. मात्रा लागू पडली ती सासूबाईंच्या आवाजाची. "जावईबापू, उठता का जरा?" ऐकताच ते निमूट उठत, फार तर ‘दहा मिनिटांनी’ हे बटण दाबून सवलत घेत. तिसरी, दरडावणीची हाक मात्र रिकामीच राहिली. "जावयाला अरे-तुरे? जीभ झडेल माझी!" असे म्हणून सासूबाईंनी कानांवर हात ठेवले होते.

त्या दिवशी एका बसचालकाचा चष्मा पाचच्या आत दुकानात पोचवायचा होता. त्याशिवाय त्याच्या हाती बस मिळणार नव्हती. दुकानाच्या मालकाने बजावले होते, "आणखी एक गिऱ्हाईक ताटकळलं, की तुम्ही दुसरीकडे काम बघा." चष्मा सकाळीच तयार झाला होता. जावईबापू पुढच्या भिंगात बुडाले होते.

दुपार कलल्यावर लेकीचा कचेरीतून सासूबाईंना फोन आला. "आई, ह्यांचा फोन लागत नाही. चार्जिंग संपलं असणार. तूच जा बाई मागच्या खोलीत!"

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "जावईबापू, उठता का जरा? चष्मा द्यायचाय ना?"

जावईबापूंनी मान वर न करता हात लांबवला आणि शेजारी केव्हाच मान टाकून पडलेल्या फोनवर बोट दाबले.

सासूबाई चक्रावल्या. पण नियम तो नियम. माणसाने बटण दाबले होते. त्या स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या आणि सवलत संपताच म्हणाल्या, "अहो जावईबापू, उशीर होतोय हं."

पुन्हा बोट. वर पुटपुटणे: "आज आवाज अगदी स्वच्छ येतोय."

इतक्या वर्षांची खडीसाखर सासूबाईंच्या जिभेवरून क्षणात विरघळली.

"अरे ए ठोंब्या! ऊठ! नोकरी जाईल ना मेल्या!"

जावईबापू ताडकन उठले, चष्मा उचलला आणि एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल अशा थाटात धावत सुटले. बसचालक दुकानाच्या पायरीवरच उभा होता. मालकाने घड्याळ पाहिले, मग त्यांचे पाय पाहिले, आणि चष्मा चालकाच्या हाती दिला.

घरी सासूबाई ओशाळून बसल्या होत्या. "चुकलं हो माझं. तोंडातून निसटलं."

"चुकलं कसलं, आई? नोकरी वाचली माझी." जावईबापूंनी चार्ज केलेला फोन त्यांच्यापुढे धरला. "तिसरी जागा रिकामी आहे. तेच पुन्हा बोला."

सासूबाईंनी घसा खाकरला. "ठोंब्या तेवढं गाळू का?"

"छे, राहू द्या. आणि ‘मेल्या’ जरा ताणून म्हणा."