खिडकीच्या चौकटीतलं शिसं

अमेरिकेतल्या मिलवॉकीत राहणाऱ्या इरेना कुबिआक यांच्या घराला शंभर वर्षं होत आली होती, पण त्या घरात चिमूटभर धूळ शोधून दाखवा, असं इरेनाबाई अख्ख्या गल्लीला बजावून सांगत. त्यामुळे दोन वर्षांच्या नातवाच्या, मातेओच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा बाईंनी मनातल्या मनात निकालच लावून टाकला. दोष आपल्या घराचा? शक्यच नाही! गेल्या ईस्टरला घरात नवं काय आलं? नातवाला घेऊन राहायला आलेली सून मारिसोल, आणि तिनं मेक्सिकोहून आणलेलं मातीचं भांडं.

मुलगा ट्रक घेऊन गावोगाव फिरणारा, घरात या दोघीच. बाई सुनेच्या हातांवर पाळत ठेवू लागल्या. एकदा तर तिनं भरवलेला घास त्यांनी नातवाच्या तोंडातून काढला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून घर तपासायला आरोग्य खात्याच्या ओडेसा ग्रायर आल्या. त्यांच्या हातात रंगातलं शिसं दाखवणारं यंत्र होतं.

"मला घराबाहेर काढायला आलात का?" इरेनाबाईंनी दारातच विचारलं, आणि ते भांडं पुढे सरकवलं. "आधी हे बघा."

"म्हणजे माझ्यावर संशय होता तर!" मारिसोल पुढे आली. "एकदा विचारायचं तरी, मा!"

ओडेसाबाईंनी यंत्र भांड्याला लावलं. "यात काही नाही. आता मुलाच्या खोलीतली खिडकी बघू."

"खिडकी? ती मी दर ईस्टरला स्वतः घासते हो! जुना रंग पॉलिश पेपरनं खरवडायचा, वर नवा हात द्यायचा. या वेळी तर दुप्पट घासली, नातू येणार म्हणून!"

यंत्र चौकटीला टेकलं आणि आकडा एकदम चढला. ओडेसाबाईंनी तो इरेनाबाईंसमोर धरला.

"संशय घेतलात यात वाईट काही नाही, मिसेस कुबिआक. तसल्या भांड्यांच्या झिलईतही कधी कधी शिसं असतं. पण संशय आला की वस्तू तपासायची, माणसाचा छळ करायचा नाही. पूर्वीच्या रंगात शिसं घालत. कोरडं खरवडलंत की त्याचं पीठ घरभर होतं. खिडकी उघडायला वरखाली सरकवली तरी झडतं. तिथंच पोरगं उभं राहतं आणि हात तोंडात घालतं."

अरे देवा! सुनेच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता बाईंना स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नव्हतं! त्यांनी खाली बसून नातवाला जवळ ओढलं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"पोरी," त्या कशाबशा म्हणाल्या, "याला घेऊन तुझ्या बहिणीकडे जा. खिडक्या बदलेपर्यंत इथे थांबू नकोस. आणि नंतर नाही आलीस, तरी मी तोंड उघडणार नाही."

मारिसोलनं मुलाचे कपडे पिशवीत भरले. मग सासूचा कोट आणून तिच्यापुढे धरला.

"उठा. तुम्हीपण चला."

"मी कशाला?"

"सगळ्यात जास्त पीठ तुमच्याच नाकातोंडात गेलंय ना? तुमचं रक्त कोण तपासणार?"

इरेनाबाई तो कोट तोंडाशी धरून रडल्या.

मंडळी, तुमचं घर जुनं असेल, तर रंगाला पॉलिश पेपर लावण्याआधी तो तपासून घ्या. आणि तपासण्याआधी घरातल्या कुणावर बोट रोखू नका. आपण बोट रोखून बसतो, तेवढ्या वेळात लेकरू आपला हात तोंडात घालत असतं.