समुद्रात गेलेली धावपट्टी

त्या कंपनीची विमानं दोनच, आणि दोन्ही रुग्णांना नेण्यासाठी. कुठून कुठे किती अंतर, वारा कसा, इंधन किती लागेल, हा सगळा हिशेब एकटी ताई करायची. वैमानिकांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती ताईच.

त्या दुपारी एका शिंप्याचं तान्हं बाळ न्यायचं होतं. हृदयात दोष, आणि मोठं इस्पितळ डोंगररांगेपलीकडे. विमानात आईपुरतीच जागा, म्हणून बाप ताईच्या टेबलासमोर अवघडून बसला होता.

सरळ रेषेतलं अंतर आवाक्यात होतं. पण डोंगरावर वादळाने ठाण मांडलेलं. ताईने किनाऱ्याकडून वळसा धरून पुन्हा मोजलं आणि तिचा चेहरा पडला.

"पोहोचेन मी," कॅप्टन म्हणाला, "पण राखीव इंधन जाळून. तिथे उतरता आलं नाही तर? असं मी उडणार नाही."

"मी उडूही देणार नाही. मध्ये कुठेतरी थांबायचं."

"मध्ये आहे काय? नुसतं रान!"

होतं. शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानांची एक धावपट्टी होती. कंपनीच्या संगणकात तिची नोंद नव्हती, पण तिथल्या राखणदाराला, तात्यांना, ताई ओळखत होती. तिने फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. तिने पुन्हा लावला. मग पुन्हा.

"राहू द्या ताई," बाप पुटपुटला. "नशिबातच नसेल तर..."

"नशिबाचं नंतर बघू. आधी तात्यांना फोन उचलू दे."

अखेर तात्यांनी उचलला. इंधन होतं, याच विमानाला चालणारं. पट्टीची लांबीही पुरेशी होती. "फक्त वर शेळ्या चरतायत बघ."

"हाकला त्यांना! आणि पाटीवरचे अक्षांश-रेखांश वाचा."

तात्यांनी वाचले, ताईने टाकले. अंतर अगदी कमी निघालं. कॅप्टन खूश होऊन उठलाच. ताई मात्र जागची हलली नाही. हे फारच सोयीचं वाटत होतं. तिने नकाशावर बोट टेकवलं.

"तात्या, तुमची धावपट्टी समुद्रात गेलीय! चष्मा कुठाय?"

"कपाळावर."

"मग तो डोळ्यांवर घ्या की!"

तात्यांनी एक आकडा चुकीचा वाचला होता. बरोबर आकडा टाकल्यावर अंतर वाढलं, पण दोन्ही टप्पे राखीव इंधनाला हात न लावता बसत होते. ताईने वारा अंदाजापेक्षा जोरात धरून पुन्हा मोजलं. मग कॅप्टनला वेगळं बसवून त्याच्याकडूनही तोच हिशेब करून घेतला. दोघांची उत्तरं जुळली.

"निघा," ती म्हणाली.

विमान दिसेनासं होईपर्यंत बाप खिडकीशी उभा राहिला. ताईने त्याला बळेच चहा पाजला आणि तात्यांचा फोन येईपर्यंत स्वतः मात्र पाण्याचा घोटही घेतला नाही. "उतरलं, भरलं, उडालं," तात्या म्हणाले, "आणि शेळ्या माझ्यावर रुसल्यात." संध्याकाळच्या आत बाळ इस्पितळात होतं. बापाने लगेच तिकडची बस गाठली.

शस्त्रक्रियेनंतर त्याचा फोन आला. "थांबा ताई, तुम्हीच ऐका," एवढंच म्हणाला.

पलीकडे बाळाने भोकाड पसरलं होतं. ताईने फोन कानाला घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले.