दगडाला धरून बसणारा किडा

गावात उतरलेल्या बाबानं नदीच्या पाण्यात हात घालून ओंजळ वर धरली, तशी काठावरची गर्दी पुढं सरकली. ओंजळीत मोहरीएवढे काळे किडे वळवळत होते.

"बघा लेकरांनो. कारखान्याच्या रंगानं मेलेली नदी मी मंत्रानं जिवंत केली. तुमची पापंही धुतली. विष असतं तर हे जीव जगले असते? प्या. औषधं फेका."

घागरी बुडाल्या. आमची आई सगळ्यांत पुढं. घरी धाकटा जुलाबानं चिपाड झालेला, आणि डॉक्टरीणबाईंचं औषध तिनं कालच केरात टाकलेलं.

मी शाळा सोडली ती नदीपायी. मासे धरणाऱ्या मामाच्या मागं हिंडायचे. तो शिकवायचा, "पोरी, किडा बघून पाणी ओळखावं. पोहणारे किडे संथ पाण्यात, गवतात. हा बारका पोहत नाही. धबधब्याखाली खळखळत्या पाण्यात दगडाला नख्या रुतवून बसतो."

ओंजळीत तोच बारका होता. आणि इथं तर नुसता चिखल, धरायला एक दगड नाही. कारखान्याच्या वर, धबधब्याखालची ती जागा मामाशिवाय कुणाला माहीत?

मामा बाबाशेजारी नव्या सदऱ्यात उभा होता. माझ्याकडं बघेना.

माझं डोकं फिरलं. "बाबा, हे किडे इथलेच ना?"

"इथलेच, बेटा."

"मग या जाळीच्या टोपलीत बांधून इथंच पाण्यात ठेवू. उद्या बघू."

"स्वतः शाळेची परीक्षा दिली नाही, अन् बाबांची परीक्षा घेते," गावचा दूधवाला म्हणाला. लोक हसले.

"श्रद्धेची परीक्षा घेत नसतात," बाबा म्हणाला.

"पाण्याची घेऊ की," मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला खोटं पाडायला दूधवाल्यानं स्वतः गाठ मारली आणि पहाऱ्यालाही तोच बसला. माझ्या हातातली ती टोपली मामाचीच होती.

सकाळी सगळे किडे मरून पडलेले.

"तुमच्या पापानं मेले," बाबा म्हणाला.

"पापं काल धुतली होती ना?" दूधवाला म्हणाला. "रात्रीत कुठून आली? मी तर इथंच बसलो होतो."

मी मामाकडं वळले. "तू सांगतोस का मी सांगू?"

मामा पुटपुटला, "बाबाच्या बाहीत बघा."

दूधवाल्यानं बाही ओढली. ओला स्पंज खाली पडला, किड्यांनी भरलेला. ओंजळ भरताना तो पिळायचा, बस. किडे रोज पहाटे मामा आणून द्यायचा.

"आणि माझं पोर?" आईनं विचारलं.

"ताई, जन्मात पहिल्यांदा लोक मला 'या, बसा' म्हणत होते."

"तू पीत होतास हे पाणी?" आईनं विचारलं.

 मामाच्या घरची घागर अजूनही धबधब्याखालूनच भरून येत होती.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हा किडा वाहत्या पाण्यात मिसळलेल्या हवेवर जगतो. साचलेल्या घाणीत ती हवा संपते, तो गुदमरतो. त्यात ना पाप, ना मंत्र. मग त्या घरी आल्या आणि उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून धाकट्याला चमच्याचमच्यानं पाजत बसल्या. संध्याकाळी त्यानं डोळे उघडून खायला मागितलं.

म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला की पाया पडायच्या आधी विचारा, हे आणलं कुठून? एक दिवस बांधून ठेवा आणि बघा. विचारता विचारता आपल्याच घरच्या माणसापाशी पोचलात, तरी विचारा.

मामाची टोपली माझ्याकडंच आहे. मागायला तो आलेला नाही.