हिरुतच्या अर्जाची मंजुरी

हिरुत तेसेमा आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा मी तिथल्या काचघरात झाडांना पाणी घालत नऊ वर्षं काढली होती. कॅन्ससमधल्या त्या विद्यापीठात इथिओपियाच्या आम्ही दोघीच, म्हणून पहिल्याच आठवड्यात ती मला येशीताई म्हणायला लागली. मी चार बुकं शिकलेली, ती डॉक्टरेट. गव्हावर तांबेरा पडतो, त्याला दाद न देणारं वाण शोधायचं हे तिचं काम. सहा वर्षांत तिने ते शोधलं. शेजारच्या कुंड्यांतला गहू लालभडक होऊन माना टाकायचा आणि तिच्या कुंड्या हिरव्यागार उभ्या असायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पण तिचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. यातून सुटायला संशोधकांसाठी एक वाट होती. तुमचं काम देशाच्याच हिताचं आहे एवढं सरकारला पटवून द्यायचं, मग कुणा मालकाने नोकरीची हमी द्यावी लागत नाही. वकीलबाईंनी फोनवर सांगितलं, "पाच जाणकारांची पत्रं जोडा. तिघं तुम्हाला फक्त कामावरून ओळखणारे चालतील, पण तुमच्या प्रोफेसरचं हवंच. ते नसेल तर अधिकाऱ्याच्या मनात पहिली शंका तीच येईल."

प्रोफेसर स्ट्रॉबी म्हणाला, "मसुदा तूच कर. मी सही करतो. सगळीकडे असंच चालतं."

रविवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून ती लिहायला लागली. दोन तासांत चार ओळी.

"ताई, स्वतःच्या तोंडाने स्वतःला एवढं कसं चढवू?"

"तुझं तोंड कुठं आलं? सही त्याची. लिही, हिच्यावाचून अमेरिकेचा गहू उपाशी मरेल."

"गहू उपाशी मरत नाही."

"मग तू मरशील. लिही."

ती हसली आणि लिहीत गेली. संध्याकाळी तिने मला ते वाचून दाखवलं. वाचताना तिचे कान तापले होते, पण त्यात एक शब्द खोटा नव्हता.

ते पत्र प्रोफेसरच्या टेबलावर पाच महिने पडून राहिलं. आधी तो म्हणाला, अनुदानाचा नवा प्रस्ताव होऊ दे, मग निवांत बघू. प्रस्ताव हिरुतने लिहिला. मग म्हणाला, ब्रेन्ना नवीन आलीय, तिला तुझी सगळी पद्धत शिकव. हिरुतने शिकवली. ब्रेन्नाच्या हातात वही असायची आणि हिरुत एकेका कुंडीपाशी थांबून सांगायची. कुठल्या कुंडीत कुठलं वाण, ते ब्रेन्नाला मीही दाखवलं. अनुदान मिळालं. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर स्ट्रॉबीचं नाव होतं, ब्रेन्नाचं होतं. हिरुतचं नव्हतं.

तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तू तर मोकळी व्हायला निघालीयस ना? तुझं नाव घालून मी फसायचं का?" आणि त्याच दमात तिचं पत्र ओढून, न वाचता, खाली सही ठोकली.

अर्ज गेला. सात महिन्यांनी उलट विचारणा आली की हे काम सगळ्या देशाच्या उपयोगाचं कशावरून, आणखी पुरावे द्या. तिने सुट्ट्या घालवून तेही दिले. मग एका मंगळवारी मंजुरी आली. त्या दिवशी तिने काचघराच्या मागच्या अंगणात कॉफीचे दाणे भाजले, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना कॉफी दिली. स्ट्रॉबीनेही दोनदा घेतली. मग तिला आत बोलावलं. ती बाहेर आली आणि माझ्याजवळच्या पालथ्या बादलीवर बसली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"अभिनंदन म्हणाला. म्हणाला, तुला आता मालक लागत नाही हे सरकारनेच मान्य केलंय. तेव्हा तीस तारखेपासून तुझी जागा मी ब्रेन्नाला देतोय."

"पण मंजुरी आलीय ना? मग राहता येईल तुला."

"मंजुरी नुसत्या अर्जाला. कायमचं राहायचं ग्रीन कार्ड रांगेने मिळतं, ताई. माझी तारीख यायला दोन वर्षं तरी लागतील. तोवर राहायचं तर नोकरी पाहिजे. मी हे त्याला सांगितलं."

"मग?"

"म्हणाला, रांग काही मी लावलेली नाही."

साठ दिवसांत तिने चाळीसेक ठिकाणी लिहिलं. ज्या चौघांनी तिच्या कामाची थोरवी गाणारी पत्रं दिली होती त्यांनाही लिहिलं. तिघांनी कळवलं की सध्या जागा नाही. चौथ्याने कळवलं की तुमच्या कामाबद्दल मला आजही तितकाच आदर आहे.

ती सामान न्यायला आली त्या सकाळी स्ट्रॉबीने मला बाजूला घेतलं. "येशी, तिची बॅग तू बघ. बियाणं बाहेर जाता कामा नये. परक्याने हात घालण्यापेक्षा तुमच्यातल्याच कुणी बघितलेलं बरं."

माझा नोकरीचा करार ऑगस्टात संपत होता. मी बॅग उघडली.

हिरुत भिंतीला टेकून उभी राहिली. "बघ ताई, नीट बघ," एवढंच म्हणाली. वह्या होत्या, एक स्वेटर, आईचा फोटो. तळाशी कापडी पुरचुंडी. तिच्यात मूठभर गहू होता.

"तो वडिलांच्या शेतातला आहे," ती म्हणाली. "मी येताना आणलेला. तुला माहितीय."

मला माहीत होतं. पहिल्या वर्षी तिने तो मला हुंगायला दिला होता. मी स्ट्रॉबीला तसं म्हणाले. त्याने विचारलं, "नुसतं बघून खात्रीने सांगशील?"

दाण्यावरून कोण खात्री देणार? मी पुरचुंडी त्याच्या हातात दिली. रोगट मातीतले जंतू ज्या यंत्रात वाफेने मारतात, त्यात त्याने ती आमच्यासमोर टाकली आणि झाकण लावलं. हिरुतने बॅगेची चेन ओढली. दारात तिने माझ्या गालाला तीनदा गाल लावला, आमच्याकडे लावतात तसा. मला वाटतं, तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ती आता इथिओपियात आंबोजवळच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. तिथे काचघर नाही. अडीच वर्षांनी तिची तारीख आली तेव्हा तिचा मला एकदाच फोन आला. दूतावासातल्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, तेच काम अमेरिकेत पुढे करणार का, आणि कुठे. ते वाण तोवर स्ट्रॉबी आणि ब्रेन्नाच्या नावावर नोंदलं गेलं होतं. दुसरी प्रयोगशाळा तिला कुणी देत नव्हतं.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं ते सांगितलं. ते काम आता माझं राहिलेलं नाही."

व्हिसा नाकारला गेला. हे सांगताना तिचा आवाज सरळ होता. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तर म्हणाली, "राहू दे, ताई. मुलं वर्गात बसलीयत," आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर मी तीन-चारदा लावून पाहिला. ती उचलत नाही.