भोकं पाडलेल्या बादल्या

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. रसायनाची बादली रिकामी झाली की तिच्या तळाला ड्रिलने पाच भोकं पाडायची आणि मगच ती भंगारात टाकायची. कारण उघड आहे. वीस लिटरची पांढरीशुभ्र, कडी-झाकणाची बादली दिसली की कुणाचेही हात शिवशिवतात. कुणीतरी ती घरी नेणार, पाणी भरणार, पीठ भरणार. भोकं पाडली की ती कुणाच्याच कामाची राहत नाही. नळांवर आणि दारांच्या कड्यांवर चकाकी चढवणारा हा कारखाना, त्याचं स्टोअर मी एकवीस वर्षं सांभाळतो आहे आणि ती भोकंही मीच पाडतो.

आता मला सांगा, तळाला पाच भोकं असलेली बादली खरोखर कुणाच्याच कामाची नसते का? कुंडी हवी असणाऱ्याला तर ती आयतीच मिळाली. नियम करणाऱ्या शहाण्यांना हे सुचलं नव्हतं. मला सुचलं, आणि त्याचा मला अभिमानही वाटला.

गच्चीवर बटाटे लावायचं खूळ बायकोच्या डोक्यात शेजारच्या शिवणवालीने भरलं होतं. आमचं घर शेवटच्या मजल्यावर, स्वयंपाकघराचं दार उघडलं की गच्ची. पिठाच्या फाटक्या गोण्या भरून झाल्या, कपड्यांची तुटकी टोपली भरून झाली, तरी कोंब आलेले बटाटे उरलेच. "अहो, तुमच्याकडे काही टाकाऊ मिळतं का बघा ना," ती म्हणाली. मी सहा बादल्या आणल्या. गेटवरच्या पहारेकऱ्याला म्हटलं, "भोकाच्या आहेत रे बाबा, वर धरून बघ." त्याने खरंच वर धरून बघितलं आणि मला सोडलं.

घरी आल्यावर मी त्या तीनदा साबणाने घासल्या. बायकोने एक उचलून भोकातून माझ्याकडे पाहिलं. "भोकंसुद्धा पाडून आणलीत? लग्नाला एकतीस वर्षं झाली, न सांगता केलेलं हे पहिलं काम!" माझी मान ताठ झाली. माल फुकटचा, कष्ट शून्य आणि वर कौतुक, एवढं माझ्या वाट्याला सहसा येत नाही.

तिने कोंबाचा एकेक डोळा धरून बटाट्याच्या फोडी केल्या, दोन दिवस सुकू दिल्या आणि बादलीत अर्ध्यावर माती घालून पुरल्या. रोप वर आलं की आणखी माती ओढायची, पुन्हा वर आलं की पुन्हा ओढायची, बादली काठोकाठ भरेपर्यंत. गोण्यांतली रोपं बेताचीच होती. बादल्यांतली मात्र अशी माजली की शिवणवाली रोज येऊन नाक मुरडून जायची.

त्याच सुमारास ठकी राहायला आली. ठकी म्हणजे आमची एकुलती एक लेक. वय एकोणतीस, सहावा महिना. आधीचं एक पाचव्यात गेलं होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विश्रांती सांगितली होती. जावई फिरतीवर. ठकीच्या पोटात काही ठरत नव्हतं. खाल्लं की बाहेर. दोन महिन्यांत तिच्या गालांची हाडं वर आली होती आणि ती आमच्याशीसुद्धा मोजून मापून बोलायची. पाचवा सरला तरी तिने बाळासाठी एक टोपडं घेऊ दिलं नव्हतं.

तो मंगळवार होता. प्रयोगशाळेतली नवी केमिस्ट काही सह्यांसाठी स्टोअरमध्ये आली होती. मी भोकं पाडत होतो. गंमत म्हणून म्हटलं, "बाई, याच्यात झाड काय झकास येईल!" ती हसली नाही. "कुणी नेली तर नाही ना?" तिने विचारलं. "ते रसायन प्लॅस्टिकमध्ये मुरतं, काका. धुऊन जात नाही. भाजी तर सोडाच, फुलझाडसुद्धा नको. आणि घरात कुणी गरोदर असेल तर असली बादली दारातही ठेवू नका."

"छे, छे," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी तडक घरी निघालो. जाऊन सांगायचं, एवढं ठरवलं होतं. दार उघडून गच्चीत गेलो तर मायलेकी बादल्यांपाशी बसलेल्या आणि ठकी हसत होती. किती दिवसांनी! "बाबा, तुमच्या बादल्यांनी आईच्या गोण्यांना धूळ चारली!" बायको म्हणाली, "नजर लावू नकोस गं, आयुष्यात एकदाच जिंकलेत."

मी मूग गिळले. बटाटे निघायला अजून दोन आठवडे होते, घोडामैदान लांब होतं. त्याआधी एखाद्या सकाळी बादल्या उपड्या करीन, मांजरावर नाव घालीन, असं मी ठरवलं. आता सांगितलं तर ठकी घाबरेल आणि घाबरणं तिला बरं नाही, अशीही समजूत मी स्वतःची घातली. खरं कारण वेगळं होतं. बायको मला काय म्हणेल आणि कारखान्यात कळलं तर काय होईल, याला मी भ्यालो होतो.

पुढचे दहा दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. चोराच्या मनात चांदणं. एक गोष्ट मात्र बरी चालली होती. ठकीच्या पोटात अन्न राहायला लागलं होतं. मीठ-मिरी लावलेला उकडलेला बटाटा ती चवीने खायची. तो बाजारचाच असणार, हे मी धरूनच चाललो होतो. विचारलंसुद्धा नाही.

शुक्रवारी बायको म्हणाली, "पानं पिवळी पडली. रविवारी सगळं उपसू." शनिवारी मला सुट्टी. ती आंघोळीला गेलेली पाहून मी गोणपाट घेऊन गच्चीत गेलो आणि पहिली बादली उपडी केली. माती, मुळं आणि गोटीएवढे दोन बटाटे. दुसरी उपडी केली. तेच. तिसरीत एकही नाही. सहाच्या सहा पोकळ निघाल्या. नुसता पाला माजला होता, पीक धरलंच नव्हतं! मी एकटाच मोठ्याने हसलो. इतका आनंद मला ठकीच्या जन्मालाही झाला नसेल.

"काय हो, काय शोधताय?" बायको केस पुसत दारात उभी होती.

"बटाटे आलेच नाहीत की गं!"

"आलेच नाहीत? अहो, मी केव्हाच काढले." ती खुशीत होती. "काठाने हात घालायचा, चाचपायचं, मोठा लागला की अलगद तोडायचा. रोपाला पत्ताही लागत नाही. शिवणवालीने शिकवलं. कोवळे असतात, साल नुसत्या बोटाने निघते. बाजारचा बटाटा ठकीला उलटायचा, हा पोटात राहतो. रोज दोन. गोण्यांना मी हातही लावला नाही."

"रोज?"

"रोज. तुमच्या बादल्यांनी पोरीला वाचवलं म्हणा."

मी त्या उपसलेल्या मातीतच बसलो आणि सगळं सांगून टाकलं. दूध उतू गेलं तरी तीन घरं ऐकतील असा आवाज करणारी ही बाई.  ती टॉवेल तिथेच टाकून हलक्या पावलांनी ठकीला उठवायला आत गेली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कदाचित काहीही झालं नसेल," त्या म्हणाल्या. "कदाचित. रक्त तपासू, बाळाकडे बघू. आज मी तुम्हाला काही सांगू शकत नाही." ठकी दोन्ही हात पोटावर धरून बसली होती. सोनोग्राफी झाली. ठोके लागले. बाई म्हणाल्या, ठोके लागणं वेगळं आणि बाकीचं वेगळं, ते पुढे कळेल. मग त्यांनी कागद पुढे ओढला.

"बटाटे खायला कधी सुरुवात झाली?"

"गेल्या आठवड्यातल्या बुधवारी पहिल्यांदा काढले," बायको म्हणाली. "संध्याकाळी. दोनच होते."

"आणि बादल्यांचं तुम्हाला कळलं कधी?"

ठकीने सकाळपासून माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. मी 'आज' म्हणावं, असं तिला वाटत होतं. तिच्या चेहऱ्यावर ते इतकं स्पष्ट होतं की माझ्या तोंडात तो शब्द आलाही होता.

"मंगळवारी," मी म्हणालो. "त्याच्या आदल्या दिवशी."