गंगम्माच्या नावाचा बेडूक

शिवप्रकाश परभणीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि दर पावसाळ्यात रजा काढून केरळातल्या घनदाट जंगलात बेडूक शोधत हिंडायचा. कित्येक वर्षं पदरात पडले ते फक्त जळवांचे चावे. मग एकदा उतारावर पाय घसरला, आधाराला त्याने बांबू धरला आणि बांबूच्या पोटातून टिकटिक ऐकू आली. आत नखाएवढा बेडूक होता. आवाज, डीएनए, बोटांची ठेवण, सगळं तपासल्यावर तो नव्या जातीचा निघाला. शोधनिबंधात 'पद्धतशीर पाहणीत आढळला' असं लिहिलं. घसरल्याचा उल्लेख शिवप्रकाशला शास्त्राच्या दृष्टीने गैरलागू वाटला.

जातीला त्याने आईचं, गंगम्माचं नाव दिलं. पेपरात बातमी आली तसा त्याच्या गावाने, सोनपेठने, सत्कार ठरवला. एसटीत बसल्यापासून तो भाषण घोकत होता. आईचं नाव आलं की आवाज जरासा कापरा करायचा, हेही ठरलेलं होतं.

मंडपाशी पोचला तर समोर भलामोठा फ्लेक्स. एका बाजूला तो स्वतः, दुसऱ्या बाजूला म्हशीच्या तोंडाएवढा, फुगलेला हिरवा परदेशी बेडूक, आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'गंगम्मा'. फ्लेक्स छापणारा भुजंग त्याचा शाळेतला दोस्त. पाठवलेल्या फोटोत बेडूक दिसतच नव्हता, म्हणून नेटवरचा चांगला टाकला, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

पहिल्या रांगेत गंगम्मा इरकली लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून फ्लेक्सकडे एकटक बघत बसली होती. तिचा चेहरा पाहून शिवप्रकाशचं पाठांतर तिथंच सांडलं. खरा बेडूक नखाएवढाच आहे म्हटल्यावर मागची मंडळी चहाकडे वळली. आवाज कापरा करायच्या जागी त्याला ठसका लागला.

घरी आल्यावर गंगम्माने चष्मा चढवून मोबाइलमधला खरा बेडूक पाहिला.

"ह्यो करतो काय?"

शिवप्रकाश खुलला. मादी बांबूत अंडी घालून निघून जाते, नर मात्र पिल्लं होईस्तोवर अंड्यांपाशी बसून राहतो, हे त्याने रंगवून सांगितलं.

"माय निघून जाती?" गंगम्मा म्हणाली. "पाच लेकरं एकटीनं वाढवली म्या. तुझा बाप दिवसभर हाटेलात बसलेला. अन् तिला माझं नाव?"

या वागणुकीवर शिवप्रकाशने आलेखांसकट सहा पानं लिहिली होती. आईच्या बाजूने बघायचं काही सुचलं नव्हतं. एकदा छापलेलं नाव बदलता येत नाही, जगभर तसा नियमच आहे, असं तो पुटपुटला. ती भाकरी थापायला उठली.

सकाळी तो उठला तेव्हा मोबाइल गंगम्माच्या हातात होता आणि शेजारची सरजाबाई त्यावर वाकली होती.

"ह्यो माझ्या नावाचा," गंगम्मा सांगत होती. "बाप असून अंडी सोडून हलत न्हाई."

कुणी हुडकला म्हणून सरजाबाईने विचारलं.

"आमच्या शिवानं," गंगम्मा म्हणाली. "पण बेडूक लय गुणाचा हाय."